चित्र पानावरून गेले, फाइलमधून गेले का?

पीडीएफ फाइलींतील चित्रे कोडच्या किंवा क्लाउड सेवेच्या साहाय्याने काढण्याविषयी गेल्या काही आठवड्यांत इतकी पत्रे आली की या वेळचे सदर त्या एकाच विषयाला दिले आहे. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले असून पत्रलेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : माझ्याकडे अहवालांच्या सुमारे तीनशे पीडीएफ फाइली आहेत. प्रत्येक पानाच्या माथ्यावर जुने बोधचिन्ह आहे आणि आत काही छायाचित्रे आहेत. ती काढून फक्त मजकूर ठेवायचा आहे. पायथनमध्ये पायमूपीडीएफ ही पीडीएफ हाताळणारी लायब्ररी (तयार कोडचा संच) वापरून मी छोटासा कोड लिहिला. चित्रे दिसेनाशी झाली, परंतु ४ एमबीची फाइल ४ एमबीचीच राहिली. नीट पाहिले तर किंचित वाढलीच. कोड चुकला आहे की लायब्ररी? कोड आणि एक नमुना फाइल सोबत पाठवत आहे.

उत्तर : कोड आणि फाइल दोन्ही पाठवल्यामुळे अंदाज बांधत बसावे लागले नाही. लायब्ररीचा दोष नाही. गफलत आपल्या कोडच्या शेवटच्या ओळीत आहे, पण ती समजण्यासाठी पीडीएफच्या पोटात चित्र कसे ठेवलेले असते हे एकदा पाहून घ्यावे लागेल.

पीडीएफचे पान उघडल्यावर चित्र मजकुराशेजारी चिकटवल्यासारखे दिसते; फाइलमध्ये मात्र ते पानाच्या आत नसते. फाइल म्हणजे क्रमांक दिलेल्या ऑब्जेक्टांचा साठा असतो आणि चित्राचे बिंदू, त्याची रुंदी-उंची, रंगांची आणि कॉम्प्रेशनची पद्धत हे सारे त्यांतील एका स्वतंत्र ऑब्जेक्टमध्ये असते. पानाच्या रिसोर्सच्या यादीत त्या ऑब्जेक्टला एक टोपणनाव दिलेले असते, आणि पानावर काय कोठे रेखाटायचे याच्या ज्या सूचना असतात त्यांत त्या टोपणनावाने चित्राला बोलावलेले असते. आपल्या नमुना फाइलचे पहिले पान मी उलगडून पाहिले. बोधचिन्हासाठी तेथे चारच सूचना आहेत. प्रथम लहान लिपीतला ‘क्यू’, म्हणजे सध्याची स्थिती बाजूला जपून ठेव. मग ‘१८० ० ० ६० ४०० ७६० सीएम’. मग ‘आयएम१ डू’, म्हणजे आयएम१ या टोपणनावाचे चित्र रेखाट. आणि शेवटी मोठ्या लिपीतला ‘क्यू’, म्हणजे जपलेली स्थिती परत आण. पीडीएफच्या हिशेबात प्रत्येक चित्र मुळात एक बाय एक एककाच्या चौरसात बसलेले असते. ‘सीएम’पूर्वीचे सहा आकडे त्या चौरसाला ताणून १८० पॉइंट रुंद व ६० पॉइंट उंच करतात आणि पानाच्या डाव्या खालच्या कोपऱ्यापासून ४०० पॉइंट उजवीकडे, ७६० पॉइंट वर नेऊन ठेवतात. ७२ पॉइंटांचा एक इंच होतो आणि ए-फोर पान सुमारे ५९५ बाय ८४२ पॉइंटांचे असते. म्हणजे हे बोधचिन्ह अडीच इंच रुंद असून उजव्या वरच्या कोपऱ्यात आहे, हे पान डोळ्यांनी न पाहताही सांगता येते.

तेव्हा चित्र काढायचे म्हणजे तीन ठिकाणी हात घालायचा असतो : ‘डू’ ही सूचना, यादीतले टोपणनाव आणि प्रत्यक्ष ऑब्जेक्ट. नुसती सूचना काढली तर चित्र दिसणार नाही, पण ऑब्जेक्ट फाइलमध्ये जसेच्या तसे राहील आणि कोणीही ते बाहेर काढू शकेल. नुसते टोपणनाव काढले आणि सूचना राहू दिली तर काही सॉफ्टवेअर मुकाट्याने पुढे जातात, काही पान उघडताना तक्रार करतात. फाइलचे वजन घटते ते ऑब्जेक्टमधील बिंदू खरोखर गेल्यावरच.

पायमूपीडीएफची ‘डिलीट इमेज’ ही पद्धत यातून आपली वाट काढते. नाव डिलीट असले तरी ती चित्र उपटून टाकत नाही. मूळ ऑब्जेक्टच्या क्रमांकावर एक चिमुकले पारदर्शक चित्र आणून बसवते. सूचना जागेवर, टोपणनाव जागेवर, पण बोलावल्यावर येते ते काहीच नसलेले चित्र. ही युक्ती मला पसंत आहे, कारण पानाच्या सूचनांना धक्काच लागत नाही आणि मजकूर इकडचा तिकडे होण्याची भीती राहत नाही.

आता शेवटच्या ओळीकडे येऊ. आपण फाइल मूळ नावानेच सेव्ह करायला गेलात. त्यावर लायब्ररीने मूळ फाइलवर सेव्ह करायचे असेल तर ते ‘इन्क्रिमेंटल’ असले पाहिजे अशी चूक दाखवली असणार, आणि ती चूक घालवण्यासाठी आपण ‘इन्क्रिमेंटल’ हा पर्याय ‘ट्रू’ केलात. निम्मे नवशिके नेमके येथेच अडकतात. पीडीएफची रचना अशी आहे की बदल करताना जुन्या फाइलला हात न लावता बदललेली ऑब्जेक्टे शेवटी जोडता येतात आणि त्यांच्यामागे नवी क्रमांकसूची लावता येते. वाचणारे सॉफ्टवेअर शेवटची सूची प्रमाण मानते, म्हणून पडद्यावर बदल दिसतो. जुनी छायाचित्रे मात्र फाइलच्या पुढच्या भागात तशीच पडून असतात. आपली फाइल किंचित वाढली ती या जोडामुळे.

उपाय साधा आहे. नव्या नावाने सेव्ह करा, ‘गार्बेज’ या पर्यायाला ४ ही किंमत द्या आणि ‘डिफ्लेट’ हा माहिती दाबून लिहिण्याचा पर्याय ‘ट्रू’ ठेवा. गार्बेज १ दिल्यास ज्यांना कोणीच बोलावत नाही अशी ऑब्जेक्टे टाकून दिली जातात. २ दिल्यास शिवाय क्रमांकसूची आटोपशीर होते. ३ आणि ४ दुहेरी पडलेली ऑब्जेक्टे एकत्र करतात. पारदर्शकतेसाठी चित्राला जोडलेला मुखवटा हे वेगळे ऑब्जेक्ट असते आणि चित्र बदलल्यावर ते बेवारस होते, एवढ्याच कारणासाठीही गार्बेज शून्यावर ठेवू नये. सगळे ठीक झाल्यावर हवे तर नव्या फाइलला जुने नाव द्या.

तीनशे फाइली एकदम चालवण्याआधी निवडीचे पाहा. ‘गेट इमेजेस’ ही पद्धत पानाच्या यादीतील प्रत्येक चित्राचा ऑब्जेक्ट क्रमांक, मुखवट्याचा क्रमांक, रुंदी, उंची, टोपणनाव आणि कॉम्प्रेशनची पद्धत सांगते. ही यादी आहे, त्या पानावर चित्र खरोखर काढले आहे याची ती हमी नाही. पुष्कळ सॉफ्टवेअर सर्व पानांना मिळून एकच यादी देतात, म्हणून ज्या पानावर एकही चित्र नाही तेथेही वीस चित्रे असल्याचे कळते. चित्र पानावर कोठे आहे हे हवे असेल तर ‘गेट इमेज रेक्ट्स’ वापरावी. एकदा मी घाईने तिसऱ्या पानावरचे एक शिक्क्याचे चित्र काढले आणि फाइल पाठवूनही दिली. तेच ऑब्जेक्ट उरलेल्या चाळीस पानांवरही बोलावलेले होते, त्यामुळे चाळीसही पानांवरचा शिक्का उडाला. आपल्याला सगळीच चित्रे नको असल्यामुळे हा फटका बसणार नाही, उलट फायदाच होईल : काढून झालेले क्रमांक एका ‘सेट’मध्ये ठेवले तर तेच बोधचिन्ह पानागणिक पुन्हा पुन्हा काढत बसावे लागणार नाही.

आणखी एक पळवाट असते. लहान चित्रे कधीकधी स्वतंत्र ऑब्जेक्ट न करता पानाच्या सूचनांतच, ‘बीआय’, ‘आयडी’ आणि ‘ईआय’ या खुणांच्या मध्ये, भरलेली असतात. त्यांना ऑब्जेक्ट क्रमांक नसतो आणि ‘गेट इमेजेस’ला ती दिसत नाहीत. पायपीडीएफ या दुसऱ्या लायब्ररीत ‘रिमूव्ह इमेजेस’ ही पद्धत आहे आणि तिला ऑब्जेक्ट-रूप चित्रे काढायची, सूचनांत भरलेली काढायची की रेषांनी काढलेल्या आकृत्याही काढायच्या, हे वेगवेगळे सांगता येते. केवळ मजकूर राहिला की काम भागते अशांसाठी घोस्टस्क्रिप्ट या पीडीएफ हाताळणाऱ्या प्रोग्रॅमची एक ओळही पुरते : ‘पीडीएफराइट’ हे साधन निवडून ‘फिल्टर इमेज’ हा पर्याय दिला की चित्रे वगळून नवी फाइल तयार होते. मात्र घोस्टस्क्रिप्ट फाइल दुरुस्त करत नाही, नव्याने घडवते. मूळची अंतर्गत रचना तशीच राहील असे गृहीत धरू नये. हे काम कार्यालयाच्या उत्पादनात बसवायचे असेल तर परवान्याकडेही लक्ष द्या. पायमूपीडीएफ आणि घोस्टस्क्रिप्ट एजीपीएल (आपला कोडही खुला करण्याची अट घालणारा परवाना) किंवा व्यावसायिक परवान्याखाली मिळतात, तर पायपीडीएफचा बीएसडी परवाना बराच सैल आहे.

शेवटी तपासणी. पॉप्लर या पीडीएफ-साधनांच्या संचातील ‘पीडीएफइमेजेस’ ही आज्ञा ‘लिस्ट’ पर्यायासह चालवली की पानांवर प्रत्यक्ष रेखाटली जाणारी सर्व चित्रे ओळीने येतात. पण बेवारस ऑब्जेक्टे तिला दिसत नाहीत. त्यांच्यासाठी पायमूपीडीएफमध्येच १ पासून शेवटच्या क्रमांकापर्यंत प्रत्येक ऑब्जेक्ट चित्र आहे का हे विचारत जावे. फाइलमध्ये जुन्या आवृत्त्या लपल्या आहेत का हे पाहण्यासाठी फाइलच्या अंताची खूण, म्हणजे दोन टक्केचिन्हे आणि ‘ईओएफ’ ही अक्षरे, किती वेळा आली आहे ते मोजावे. एकदाच असेल तर निश्चिंत राहा. वेबसाठी ‘लिनिअराइज’ केलेल्या, म्हणजे पहिले पान लवकर दिसावे म्हणून वेगळ्या मांडलेल्या, फाइलीत ती मुळातच दोनदा असते, तेव्हा दोन दिसले म्हणून लगेच घाबरू नका.

प्रश्न : आमच्या संगणकांवर काहीही इन्स्टॉल करण्याची परवानगी नाही. चित्रे काढून देणाऱ्या क्लाउड सेवा आहेत असे ऐकतो. त्या कोडमधून कशा वापरायच्या, आणि वापराव्यात का?

उत्तर : अशा सेवा आहेत, उदाहरण म्हणून आस्पोजची पीडीएफ क्लाउड सेवा घेता येईल. यात पीडीएफ उलगडण्याचे काम आपल्या संगणकावर होत नाही. आपला कोड फक्त एचटीटीपी विनंत्या पाठवतो, त्यामुळे तो पायथनमध्ये असो, जावात असो की पीएचपीत, काम त्याच पायऱ्यांनी होते.

पहिली पायरी ओळख पटवण्याची. खाते उघडल्यावर एक क्लायंट आयडी आणि एक क्लायंट सीक्रेट मिळते. ही जोडी पाठवून काही काळापुरते टोकन, म्हणजे तात्पुरता परवाना, घ्यायचे आणि पुढच्या प्रत्येक विनंतीच्या शीर्षकात ते जोडायचे. बराच वेळ चालणाऱ्या कामात मध्येच ४०१ हे उत्तर येऊ लागले तर बहुधा टोकनची मुदत संपलेली असते. नवे टोकन घेऊन तीच विनंती पुन्हा पाठवावी, सबंध काम पहिल्यापासून सुरू करू नये. सीक्रेट कोडमध्ये लिहून ठेवू नका. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे कोडबाहेर संगणकाच्या सेटिंगमध्ये, किंवा त्यासाठीच्या तिजोरीत ठेवा, कारण एकदा गिटच्या (कोडच्या जुन्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनाच्या) इतिहासात गेलेले सीक्रेट नंतर ती ओळ पुसून जात नाही. तेथेही जुन्या आवृत्त्या शिल्लक असतात.

दुसरी पायरी फाइल सेवेच्या स्टोरेजमध्ये अपलोड करण्याची. तिसरी, एखाद्या पानावरील चित्रांची यादी मागण्याची. उत्तरात प्रत्येक चित्राची लांबलचक अक्षरी ओळख येते. चौथी, ती ओळख देऊन ‘डिलीट’ प्रकारची विनंती पाठवण्याची. एकेका चित्राऐवजी पूर्ण पानावरील किंवा पूर्ण फाइलमधील चित्रे एकाच विनंतीत काढण्याची सोय आहे का ते पाहावे, आणि विनंत्यांवर पैसे मोजावे लागतात तेथे हा फरक लहान नसतो. त्यानंतर फाइल डाउनलोड करायची. येथे पाने १ पासून मोजली जातात, पायमूपीडीएफ आणि पायपीडीएफमध्ये शून्यापासून. एका पद्धतीचा कोड दुसरीकडे उचलून नेला की शेजारच्या पानावरचे चित्र जाते, आणि ही चूक कोणताही संदेश न देता घडते. एक चित्र काढल्यावर आधीच्या यादीतील ओळखींवर विसंबू नये, यादी ताजी मागवावी.

बहुतेक नमुना कोडांत गाळलेली पायरी म्हणजे काम झाल्यावर स्टोरेजमधील फाइल काढून टाकण्याची. डाउनलोड झाले म्हणजे काम संपले असे वाटते, पण मूळ फाइल चित्रांसकट दुसऱ्याच्या संगणकावर राहिलेली असते. ही विनंती कोडच्या ‘फायनली’ या भागात लिहावी, म्हणजे मध्येच काही बिघडले तरी ती पाठवली जाते. आणि ४२९ हे उत्तर आले तर विनंत्यांचा वेग जास्त झाला आहे असे समजून थोडे थांबावे, प्रत्येक वेळी थांबण्याचा काळ वाढवत जावे; त्याच क्षणी पुन्हा धडका मारल्याने काहीच साधत नाही.

वापराव्यात का, याचे माझे उत्तर फाइल कोणाची आहे यावर ठरते. माहितीपत्रके, प्रसिद्ध झालेले अहवाल यांना हरकत नाही. ज्या फाइलीतून चित्र काढायचे कारणच गोपनीयता आहे, म्हणजे रुग्णांची छायाचित्रे, स्वाक्षऱ्या, ओळखपत्रे, ती फाइल चित्रासकट आधी बाहेर पाठवायची आणि मग चित्र काढून घ्यायचे, हा उलटा कारभार झाला. अशा कामासाठी एका संगणकावर लायब्ररी बसवण्याची परवानगी लेखी मागावी. ती मिळवणे कंटाळवाणे असेल, पण अशक्य नसते. आणि सेवा कितीही नामांकित असली तरी परत आलेल्या फाइलीवर पहिल्या उत्तरात सांगितलेली तपासणी करावीच.

प्रश्न : चित्र काढण्याऐवजी त्यावर काळा आयत ठेवला तर चालत नाही का? कोडची एकच ओळ लागते.

उत्तर : छापायचे असेल तर चालेल. फाइल पाठवायची असेल तर नाही, कारण आयत ही आधीच्या सूचनांनंतर जोडलेली आणखी एक सूचना असते. तिच्याखालचे चित्र पूर्ण शाबूत राहते. २०१९ च्या जानेवारीत अमेरिकेत डोनाल्ड ट्रम्प यांच्या प्रचारमोहिमेचे माजी प्रमुख पॉल मॅनाफोर्ट यांच्या वकिलांनी न्यायालयात दाखल केलेल्या पीडीएफमध्ये काही ओळी काळ्या केलेल्या होत्या, आणि पत्रकारांनी त्या निवडून दुसरीकडे पेस्ट करताच खालचा मजकूर जसाच्या तसा उमटला. तेथे मजकूर होता, येथे चित्र आहे, तंत्र तेच. पान कापून चित्र कडेबाहेर ढकलण्याचाही असाच प्रकार आहे, कारण क्रॉप केल्याने पानाची दिसणारी चौकट तेवढी लहान होते.

चित्राचा काही भागच घालवायचा असेल, समजा छायाचित्रातील एक चेहरा किंवा वाहनाचा क्रमांक, तर पायमूपीडीएफमधील ‘रिडॅक्शन’ वापरावे. आधी आयताची खूण करायची आणि मग ‘अप्लाय रिडॅक्शन्स’ चालवायचे. चित्रांबाबत तेथे मुख्य तीन पर्याय आहेत : ० दिल्यास चित्राला हात लावला जात नाही, १ दिल्यास आयताला स्पर्श करणारे सबंध चित्र जाते आणि २ दिल्यास आयताखालचे बिंदू तेवढे पुसले जातात. काहीच न दिल्यास २ धरले जाते. आयताखाली मजकूर असेल तर तोही जातो, हे लक्षात ठेवून आयत नेमका आखावा. यानंतरही फाइल नव्या नावाने सेव्ह करायची, हे सांगायला नकोच.

जेपेग छायाचित्रांबाबत एक गोष्ट जोडतो. पुष्कळ सॉफ्टवेअर पीडीएफ बनवताना जेपेग फाइल जशीच्या तशी आत ठेवतात, आणि तिच्यासोबत कॅमेऱ्याने नोंदवलेली वेळ किंवा स्थानही आत जाऊ शकते. ठेवायच्या चित्रांकडेही म्हणून एकदा पाहावे.

प्रश्न : कोड चालवल्यावर सगळी पाने कोरी झाली. पण माउस फिरवला तर कोऱ्या पानावर मजकूर निवडता येतो! हे काय गौडबंगाल आहे?

उत्तर : आपली फाइल स्कॅन केलेली आहे. स्कॅनमध्ये प्रत्येक पान म्हणजे एकच मोठे चित्र असते. ए-फोर पान ३०० डीपीआयने (इंचाला ३०० बिंदू) स्कॅन केले तर ते २४८० बाय ३५०८ बिंदूंचे होते, आणि रंगीत असेल तर कॉम्प्रेशनपूर्वी २६ एमबीच्या आसपास भरते. त्यावर कोणीतरी ओसीआर (चित्रातील अक्षरे ओळखणारे सॉफ्टवेअर) चालवून ओळखलेला मजकूर अदृश्य रूपात अक्षरांच्या जागी ठेवलेला आहे. पीडीएफमध्ये मजकूर रंगवण्याच्या पद्धतींना क्रमांक असतात आणि ३ हा क्रमांक ‘काहीच रंगवू नकोस’ असा आहे. चित्र गेल्यावर कागद गेला, अदृश्य अक्षरे राहिली. केवळ मजकूर हवा असेल तर तो काढून वेगळ्या फाइलीत घ्या, पण ओसीआरच्या चुका तपासल्याशिवाय तो कोठे वापरू नका. स्कॅनमधल्या एखाद्या कोपऱ्यातील शिक्काच काढायचा होता, असे असेल तर वरच्या उत्तरातील बिंदू पुसण्याचा पर्याय घ्यावा. तीनशे-चारशे फाइलींच्या गठ्ठ्यात अशा फाइली मिसळलेल्या असतील तर त्या आधीच वेगळ्या काढता येतात : ज्या पानावर एकच चित्र असून त्याचा आयत पानाच्या नव्वद टक्क्यांहून अधिक जागा व्यापतो, ते पान कोडने वगळावे आणि त्याची नोंद ठेवावी.

प्रश्न : तयार सेवेऐवजी स्वतःचाच कोड क्लाउडमध्ये ठेवावा असा विचार आहे. एका बकेटमध्ये पीडीएफ टाकली की चित्रे काढलेली फाइल आपोआप मिळावी. ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएस क्लाउडमधील लॅम्डा (आपला कोड चालवणारी सेवा) आणि एसथ्री (फाइली ‘बकेट’ नावाच्या कप्प्यांत साठवणारी सेवा) वापरतो. काय सांभाळावे?

उत्तर : आखणी चांगली आहे, आणि फाइली आपल्याच खात्यात राहतात हा तिचा मोठा गुण आहे. सर्वांत आधी इनपुट आणि आउटपुट यांच्या बकेटा वेगळ्या ठेवा. फाइल आली की फंक्शन, म्हणजे लॅम्डात ठेवलेला आपला कोड, चालते. तयार झालेली फाइल त्याच बकेटमध्ये लिहिली तर ती ‘नवी आलेली फाइल’ ठरून फंक्शन पुन्हा चालते, त्याची फाइल पुन्हा लिहिली जाते आणि हे चक्र बिल येईपर्यंत फिरत राहू शकते. फोल्डरची नावे वेगळी ठेवून आणि ट्रिगरला (फंक्शन सुरू करणाऱ्या नियमाला) ती अट घालूनही काम भागते, पण अट लिहिताना एक अक्षर चुकले की आपण पुन्हा त्याच चक्रात जातो.

फाइल थेट फंक्शनला विनंतीतून पाठवण्याच्या फंदात पडू नका. लॅम्डाला थेट दिल्या जाणाऱ्या माहितीवर ६ एमबीची मर्यादा आहे, आणि फाइल बेस-६४ मध्ये, म्हणजे साध्या अक्षरांच्या रूपात, बदलून पाठवायची म्हटले की ती एक तृतीयांशाने फुगते, म्हणजे प्रत्यक्षात साडेचार एमबीच्या आतबाहेरच भागते. अपलोडसाठी एसथ्रीचा थोड्या वेळापुरता चालणारा सही केलेला दुवा द्यावा, फंक्शनने फाइल तेथून उचलावी. फंक्शनला जास्तीत जास्त १५ मिनिटे मिळतात. साध्या अहवालांना ती भरपूर झाली. शेकडो पानांच्या स्कॅनसाठी मेमरी वाढवून पाहावी, कारण लॅम्डात मेमरीच्या प्रमाणात प्रोसेसरही वाढतो आणि काम लवकर उरकते.

कोड आपल्या संगणकावर चालतो आणि लॅम्डात मात्र ‘मॉड्यूल सापडले नाही’ असे म्हणतो, ही अडचण आपल्याला पहिल्याच दिवशी येईल. पायमूपीडीएफचा गाभा सी भाषेतला आहे, त्यामुळे विंडोज किंवा मॅकवर उतरवलेले पॅकेज तेथील लिनक्सवर चालत नाही. पॅकेज लिनक्ससाठीचे आणि आपण निवडलेल्या प्रोसेसरच्या जातीचे, एक्स८६ किंवा आर्म, यांपैकी योग्य तेच उतरवावे. पायपीडीएफ निव्वळ पायथनमध्ये आहे, म्हणून ही कटकट तिच्यात नाही. वेग मात्र कमी.

एक गोष्ट सहसा कोणी विचारत नाही. बकेटवर ‘व्हर्शनिंग’ चालू असेल तर काम झाल्यावर मूळ फाइल डिलीट केली तरी ती जात नाही. तिच्यावर डिलीटची खूण लागते आणि जुनी आवृत्ती मागे शिल्लक राहते. पीडीएफच्या आत आपण इन्क्रिमेंटल सेव्ह टाळले, आणि तीच गोष्ट बकेटमध्ये घडू दिली, असा प्रकार होतो. मूळ फाइलींच्या बकेटवर व्हर्शनिंग सुरूच करू नये. आधीच सुरू केलेले असेल तर ते थांबवता येते, पण साठलेल्या आवृत्त्या आपोआप जात नाहीत. त्यांच्यासाठी जुन्या आवृत्त्या ठरावीक दिवसांनी काढून टाकणारा लाइफसायकल नियम लावावा. या नियमात दिवस हेच सर्वांत लहान माप आहे, तासांत काही हवे असेल तर ते फंक्शनलाच करावे लागते. फंक्शनच्या लॉगमध्ये फाइलचे नाव आणि काढलेल्या चित्रांची संख्या एवढेच लिहा. चाचणीच्या वेळी चित्रे तपासण्यासाठी तात्पुरत्या फोल्डरमध्ये काढून ठेवण्याचा कोड असेल तर तो उडवा, कारण लॅम्डाचे तेच आवरण पुढच्या कामाला पुन्हा वापरले जाऊ शकते आणि त्यातील तात्पुरत्या फाइली तशाच असतात.

प्रश्न : सर्व चित्रे गेली, आलेख मात्र जागेवर आहेत. तेही काढायचे आहेत.

उत्तर : ते चित्रे नाहीत. स्प्रेडशीटमधून आलेले आलेख बहुधा रेषा आणि आयत काढण्याच्या सूचनांचे बनलेले असतात, त्यांत बिंदू नसतात. घोस्टस्क्रिप्टचा ‘फिल्टर व्हेक्टर’ हा पर्याय ते काढतो, पण तक्त्यांच्या चौकटी आणि मजकुराखालच्या रेघाही त्याबरोबर जातात. ठरावीक आलेखच नको असतील तर त्यांच्या जागी रिडॅक्शनचा आयत आखणे बरे. फाइल अंध वाचकांसाठी टॅग केलेली असेल तर काढलेल्या चित्राचे पर्यायी वर्णन टॅगमध्ये उरते आणि स्क्रीन रीडर नसलेल्या चित्राचे वर्णन वाचत राहतो. ते वेगळे काढावे लागते.

प्रश्न : डिजिटल स्वाक्षरी असलेल्या पीडीएफमधून चित्र काढले तर स्वाक्षरी राहील का?

उत्तर : नाही. स्वाक्षरी फाइलच्या बाइटांवर केलेली असते. फाइल नव्याने लिहिली की ती अवैध ठरते. इन्क्रिमेंटल सेव्ह केल्यास स्वाक्षरी केलेली मूळ आवृत्ती आत सापडते, पण मग चित्रही सापडते. चित्र काढून झाल्यावर स्वाक्षरी करणाऱ्याकडून नवी स्वाक्षरी घ्यावी.